ठकीनं पाणी सांडावं म्हणून

बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा मी आत शिरायच्या आधीच चिडलो होतो. त्यांच्या अंगणातला नळ ठिबकत होता. पोरांची भविष्यं घडवायला निघालेल्या माणसांना साधं वायसर बदलता येऊ नये, याला काय म्हणायचं? मी नळ आवळून पाहिला. थेंब थांबेना. शेवटी तिथलाच एक मग थेंबांखाली लावला आणि आत गेलो.

बाई म्हणाल्या, बसा. बसायला पोरांची खुर्ची. गुडघे कानाशी आणून बसलेल्या माणसाला काहीही ऐकवता येतं, हे शाळावाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

झालं होतं ते असं. उन्हं वाढली म्हणून बालवाडीच्या मागच्या अंगणात पाण्याचे खेळ ठेवले होते. टब, मग, नरसाळी, स्पंज, सगळा सरंजाम. पोरं नाचत होती, आणि आमची साडेचार वर्षांची ठकी एकेकाच्या हातातला मग काढून घेऊन तो परत टबात रिकामा करत होती. एवढ्यावर भागलं नाही तेव्हा ती जाऊन नळ बंद करून आली आणि नळाला पाठ लावून उभी राहिली. बाई समजवायला गेल्या तर त्यांना म्हणाली, तुम्ही एवढ्या मोठ्या आहात आणि पाणी सांडता?

मला अगदी भरून आलं. मी म्हणालो, शाब्बास.

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलणाऱ्या बाईंपुढे मी आजवर कधी जिंकलेलो नाही. "अहो, मी कौतुक नाही सांगत. तिच्याशी आता कुणी खेळत नाही. पोरं तिला साहेब म्हणतात आणि ती आली की उठून दुसरीकडे जातात. तिला घरी एकदा तरी पाणी सांडू द्या. मजेत. उगीच."

उगीच. हा शब्द मी आमच्या घरात येऊ देत नाही.

मी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर आहे. बस धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, गाळून पुन्हा बसच धुवायच्या, यासाठी मी तीन मॅनेजरांशी भांडलोय आणि तिघंही बदली मागून गेलेत. सकाळी मी फिरायला जातो ते तब्येतीसाठी नाही, नळांसाठी जातो. गल्लीत कुणाचा नळ चालू दिसला की बंद करतो आणि पुढे चालू लागतो. घरात पाण्याचे दोन वर्ग आहेत, कोरं आणि वापरलेलं. कोरं पिण्याला आणि स्वयंपाकाला. वापरलेलं कधीच संपत नाही. ते भाजीवरून बादलीत, बादलीतून फरशीवर आणि फरशीवरून झाडांना जातं. आमच्या घरात पाण्याचा थेंब निवृत्त होत नाही. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मोजून घ्यायचं असेल त्यानं माझ्या घरी येऊन मोजावं.

बायको दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांचं कण्हणं ऐकून आल्यावर घरी ती कमी बोलते, पण जे बोलते ते इंजेक्शनसारखं असतं. बाईंचं म्हणणं मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, पोरगी दात घासताना चूळ भरते ती झाडाच्या कुंडीत, हे तुम्ही पाहिलंय ना? मी म्हणालो, पाहिलंय, आणि झाड छान वाढलंय. ती म्हणाली, रविवारी अंगणात टब भरायचा, कोऱ्या पाण्यानं, आणि तो भरताना तोंड वाकडं करायचं नाही.

मी तोंड सरळ ठेवून टब भरला. किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. गल्लीतल्या पोरांना बिस्किटांचं आमिष दाखवून बोलावलं. ठकीला समोर उभं करून म्हणालो, आज सांडायचं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा बँकेतला माणूस फाटक्या नोटेकडे पाहतो.

"मग हे पाणी कुठे जाणार?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे कुठे?"

गेली साडेचार वर्षं मीच तिला सांगत आलो होतो की कुठेही नावाची जागा नसते. तिनं मग उचलला आणि झाडांना पाणी घालायला लागली. एक मग, एक झाड, परत टब. पोरं तयार होऊन, टॉवेल गळ्यात टाकून आली तेव्हा टब कोरडा होता आणि आमच्या झाडांची मुळं पोहत होती. पोरं रिकाम्या टबात बसली, बिस्किटं खाल्ली आणि उठून गेली. जाता जाता एकानं विचारलं, साहेब, पाणी कधी येणार?

त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला तो पोरांचा नाही, पाण्याचाही नाही. पोरगी टबाच्या काठावर बसून दूर जाणाऱ्या टॉवेलांकडे बघत होती, त्या बघण्याचा आला.

आता, चिडलेला माणूस दोनच गोष्टी करतो. गप्प बसतो किंवा बांधकाम काढतो. मी बांधकाम काढलं. विचार असा, की पोरीला पाणी वाया जायची भीती आहे ना, मग असा खेळ करू की त्यात पाणी वायाच जाणार नाही. वरून सोडायचं, भिंतीवरच्या नळ्यांतून फिरवायचं, चक्रं फिरवायची, पोरांच्या अंगावर शिंपडायचं, आणि सगळं घरंगळत परत खालच्या पिंपात. पिंपातून बादलीनं पुन्हा वर. शिवाय पाणीही वापरलेलंच. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या प्यायचं पाणी शुद्ध करणाऱ्या मशिनी जे फेकून देतात ते.

डेपोतून जुने रेडिएटरचे पाइप, एका मेलेल्या बसच्या काचा पुसायच्या पाण्याची टाकी आणि फाटकी ताडपत्री मिळवली. भंगारातलं सामान न्यायलाही कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, बालसंगोपन. मॅनेजरनं सही केली आणि अभिनंदन करून विचारलं, मुलगा की मुलगी?

पाण्यासाठी मी कॅन घेऊन दारोदार फिरलो. इथे पहिला घोटाळा झाला. गल्लीतली माणसं मला पाण्यावरून ओळखतात. हा माणूस स्वतः कॅन घेऊन दारोदार पाणी मागतोय म्हटल्यावर त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की पाणीपुरवठा बंद होणार आणि याला आतली खबर आहे. मी कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर घरोघरी टाक्या भरायला लागल्या होत्या. बादल्या, पातेली, कुकर, एकानं तर कूलर बाहेर काढून त्यात पाणी भरलं. संध्याकाळी गल्लीतली एकूण एक टाकी भरून वाहत होती. पाणी वाचवण्यात मी आयुष्य घातलं आणि गल्लीच्या इतिहासात सगळ्यांत जास्त पाणी वाहिलं ते माझ्यामुळे. हे मी कुणाला बोललो नाही. इथे लिहितोय.

दुसरा घोटाळा म्हणजे लेव्हलकाका. आमच्या पलीकडे राहतात, रस्ते खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेत. शर्टाच्या खिशात माणसं पेन ठेवतात, ते सपाटी मोजायची बुडबुड्याची काचेची पट्टी ठेवतात आणि दिसेल त्यावर ती लावून पाहतात. टेबलावर, कट्ट्यावर, एकदा माझ्या खांद्यावर. मी भिंतीला पाइप बांधतोय म्हणताच ते न बोलावता आले आणि म्हणाले, उतार काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

मी म्हणालो, काका, पाण्याला उतार कळतो, त्याला शिकवावं लागत नाही.

त्यावर त्यांनी मला एक तासभर शिकवलं. मग अंगणभर दोरी ताणून, खुणा करून, माझ्याकडून फरशीच्या चार रांगा उखडून घेऊन त्यांनी उतार काढला. काम म्हणून पाहिलं तर उतार अप्रतिम होता. एक थेंब कुठे थबकत नव्हता. फक्त तो पिंपाकडे नव्हता, स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. वरून पाणी सोडलं आणि ते सगळं शिस्तीत, एका रांगेत, उंबरा ओलांडून आत गेलं.

बायको ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, होडी आणायची राहिली का? लेव्हलकाका दारातूनच म्हणाले, वहिनी, दोष उताराचा नाही, घराचा आहे, घर उलट्या बाजूला बांधलंय.

फरशा पुन्हा उखडल्या, उलट्या बाजूनं बसवल्या. माझ्या अंगठ्यावर हातोडी पडली. त्या अंगठ्याला गल्लीतल्या प्रत्येकानं वेगळं औषध सांगितलं आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, पण एवढं करायची काय गरज होती? लोकांना दुसऱ्याच्या घरात गरज शोधायचा रोग असतो.

पण खरं सांगतो, तयार झाल्यावर ते दिसत होतं झकास. वरून पाणी सुटलं की पाइपांतून गडगड खाली यायचं, डब्यांच्या झाकणांची चक्रं फिरायची, बसची टाकी भरली की आपोआप कलंडून खालच्या पोरांवर सांडायची आणि पोरं किंचाळत बाजूला पळायची. खाली ताडपत्रीवरून सगळं परत पिंपात. पोरं वेडी झाली. ज्या घरांतल्या पोरांना बोलावलं नव्हतं तीही कुंपणावरून आली.

आणि ठकी? ठकी पिंपापाशी उभी राहिली. वरून किती गेलं आणि खाली किती आलं, हे ती बघत होती. जरा वेळानं तिनं जाहीर केलं, कमी आलं. मी म्हणालो, अगं, थोडं पोरांच्या कपड्यांत राहणारच. ते मी बोलायला नको होतं. घरी जाणाऱ्या प्रत्येक पोराला तिनं फाटकात अडवलं आणि त्याचा सदरा पिंपात पिळून घेतला. एका पोराची चड्डीही मागितली. तो रडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. ठकी सकाळपासून पिंपाशेजारी पायरीवर बसून होती. मी कामावरून आलो तेव्हाही तिथेच. तिनं मला विचारलं, "बाबा, मी पिळायला नको होतं का?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

बायको म्हणाली, तिला यंत्र नको आहे. तुम्ही आधी स्वतः पाणी सांडून दाखवा, हसत. तुम्हाला हसताना पाहून ती हसेल. मी म्हणालो, मी हसतो. ती म्हणाली, कधी?

म्हणून मी घसरायचं ठरवलं. ताडपत्री अंगणात लांब अंथरली, लेव्हलकाकांच्या उतारावर, आणि तिच्यावर पाणी आणि भांड्यांचा साबण टाकला. ठकीला आणि दोन धीट पोरांना पायरीवर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हसरा चेहरा केला आणि धावत येऊन अंग टाकलं.

माझं वजन साबणाला ठाऊक नव्हतं. ताडपत्री संपली, मी नाही संपलो. अंगण संपलं. मेंदीचं कुंपण आलं आणि गेलं. थांबलो तेव्हा मी शेजारच्या घराच्या पायऱ्यांशी उताणा होतो आणि वर पाइपकाकू उभ्या होत्या.

या बाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या रोज सकाळी पाइप लावून पायऱ्या धुतात, मग पायऱ्यांपुढचा रस्ता धुतात, मग रस्त्यावरून जाणारा माणूस. मी रोज त्यांच्या फाटकाजवळचा नळ बंद करतो. त्या रोज तो पुन्हा सुरू करतात. हे कित्येक वर्षं चाललंय आणि त्यावर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. आता मी साबणानं माखून, केसांत मेंदीची पानं घेऊन त्यांच्या पायाशी पडलो होतो आणि त्यांच्या हातातला पाइप चालू होता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "नळ बंद करायला आलात का?"

आणि मला धुतलं. साबण जाईपर्यंत, अगदी नीट, कानांमागेसुद्धा.

कुंपणाला पडलेल्या भोकातून तिन्ही पोरं बघत होती. दोन धीट पोरं हसून हसून जमिनीवर लोळत होती. ठकी हसत नव्हती. मी सरपटत परत आलो तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, बाबा, शर्ट इथे नको पिळू, मोगऱ्याला घाल.

कुंपण मोडलं याचा राग पाइपकाकूंनी माझ्यावर काढला नाही, थेट पाणीपुरवठा कार्यालयात काढला. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. आरोप असा, की मी राहत्या घरात विनापरवाना जलक्रीडा केंद्र चालवतो. मी. ज्यानं या कार्यालयाला गळत्या पाइपांबद्दल इतकी पत्रं लिहिलीत की तिथला शिपाई माझं अक्षर ओळखतो.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, पाणी साठलेलं आहे की वाहतं? साठलेलं असेल तर डासांचा विभाग, मागच्या बाजूला. मी म्हणालो, वाहतं. मग नळजोडणी कुठली? मी म्हणालो, जोडणी नाही, वापरलेलं पाणी आहे. तो म्हणाला, वापरलेलं असेल तर ड्रेनेज, दुसरी इमारत. मी आवाज चढवून सांगितलं की ते वरून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. त्यानं शेजारच्या टेबलावर विचारलं. शेजारचं टेबल म्हणालं, म्हणजे कारंजं, उद्यान विभाग. उद्यान विभागात मला विचारण्यात आलं की कारंजं कुणाच्या स्मरणार्थ आहे. मी म्हणालो, अजून कुणाच्या नाही, पण तुम्ही असंच चालू ठेवलंत तर होईल.

बाहेर आवारात हात धुवायचा नळ धो धो वाहत होता. मी बंद केला. तिथल्या शिपायानं येऊन तो परत सोडला आणि मला समजावून सांगितलं की हा बंद केला की वरची टाकी भरून वाहते, मग साहेबांच्या खोलीत गळतं, म्हणून हा चालूच ठेवायचा असतो. मी त्याच्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, पाणी जपून वापरा. अशा वेळी माणूस हसतो तरी किंवा दगड उचलतो. मी दगडाच्या बाजूचा माणूस आहे, पण जवळपास दगड नव्हता.

शेवटी ठरलं की पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः येऊन पाहणी करतील. जोडणी चोरीची निघाली तर आमचं पाणी तोडतील आणि सगळं सामान जप्त करतील.

साहेब सकाळी आले, नळाला पाणी असण्याच्याच वेळी. काखेत फाइल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर कुदळवाला कामगार. साहेब आले म्हटल्यावर गल्ली कुंपणापाशी गोळा झाली. लेव्हलकाका बुडबुडा घेऊन आले. पाइपकाकू भोकापलीकडे खुर्ची टाकून बसल्या. पोरं भिंतीवर चढली, पण आत कुणी उतरलं नाही. ठकी पिंपापाशी उभी होती.

मी सगळं दाखवलं. हे पाणी इथून, हे तिथून, कोरं एक थेंब नाही. साहेब ऐकत होते, पण ज्याचा निकाल घरून निघतानाच लागलेला असतो तशा माणसासारखे. ते म्हणाले, एवढं पाणी माणसं फेकून देतात यावर माझा विश्वास नाही. मी म्हणालो, साहेब, तुमच्या कार्यालयात चला, दाखवतो. त्यांनी फाइल उघडली, नकाशा पाहिला आणि फाटकाजवळची जमीन दाखवून कामगाराला म्हणाले, इथे खण, इथूनच चोरून लाइन घेतली असणार. मी म्हणालो, तिथे तुमचीच मोठी लाइन आहे, अगदी वर. साहेब म्हणाले, नकाशात ती पलीकडे आहे. मी म्हणालो, नकाशा घरात बसून काढलाय. लेव्हलकाका म्हणाले, हो, मीच काढलाय.

कुदळ पडली.

आधी नुसता फुस्स आवाज आला. मग माती उडाली आणि पाठोपाठ पाण्याची धार उसळली, ती फाटकाच्या वर गेली. कोरं पाणी. प्यायचं, स्वच्छ, थंडगार, सरकारी कुदळीनं सरकारी पाइप फोडून मोकळं झालेलं. कुणालाच काय करावं कळेना. कामगार कुदळ टाकून मागे सरला, साहेब नकाशाकडे बघत राहिले.

एकटी ठकी धावली. तिला जन्मापासून एकच गोष्ट माहीत होती, पाणी वाहताना दिसलं की बंद करायचं. नळ नव्हता, म्हणून तिनं दोन्ही तळवे त्या भोकावर दाबून धरले, सगळं बळ लावून, डोळे मिटून.

पाणी थांबलं नाही. ते तिच्या बोटांमधून आडवं फाकलं, पंख्यासारखं, आणि सप्पकन साहेबांच्या छातीवर बसलं. फाइल गेली, इस्त्री गेली.

ठकीनं डोळे उघडले. साहेबांकडे पाहिलं. मग हाताकडे. मला वाटलं आता ही रडणार. तिनं उजवा तळवा जरासा उचलला. धार डावीकडे वळली आणि लेव्हलकाका भिजले. तिनं तळवा खाली दाबला. धार कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेली आणि पाइपकाकू खुर्चीसकट किंचाळल्या.

तेव्हा ठकी हसली. आधी उचकी लागल्यासारखी, मग तोंड उघडून, मग अशी की भिंतीवरची पोरं दचकली. मग ती पोरं टपाटप खाली उडी मारून तिच्याभोवती जमली आणि तिला ओरडून सांगू लागली. साहेब, माझ्यावर. साहेब, आता इकडे. ती मन लावून प्रत्येकाला भिजवत होती, कुणाला राहू देत नव्हती. चिखल झाला, त्यात एक पोरगा बसला, त्याच्यावर दुसरा पडला. ज्याची चड्डी तिनं मागितली होती तो तिच्या शेजारी गुडघे टेकून तिच्या हातांवर हात दाबून बसला होता, धार आणखी लांब जावी म्हणून.

साहेब मला ओरडून म्हणाले, वॉल्व्ह कुठाय, बंद करा. कामगाराला माहीत नव्हता. नकाशात असणं शक्यच नव्हतं. मला माहीत होता. पायरीच्या बाजूला लोखंडी झाकणाखाली. मी पळत गेलो, झाकण बाजूला सारलं, चाकावर हात ठेवला. दर महिन्याला मी स्वतः त्याला तेल देतो, ते एका बोटानं फिरतं.

ठकीनं मला तिथे वाकलेलं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती तिथूनच, हात न काढता, म्हणाली, "बाबा, इतक्यात नको."

रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. किती बादल्या, किती पिंपं, हिशोब माझ्या डोक्यात आपोआप चालू झाला होता आणि थांबत नव्हता. साहेबांनी पुन्हा विचारलं, सापडला का?

मी म्हणालो, "सापडला साहेब. पण गंजलाय. फिरत नाही."

हे मी सरकारी अधिकाऱ्याशी बोललेलं पहिलं खोटं. इतकी वर्षं त्यांना खरं सांगून काय मिळालं होतं?

साहेब चिखलातून माझ्याकडे यायला निघाले, स्वतः बघायला. तेवढ्यात बायको ड्यूटीला जायची पर्स खांद्यावर घेऊन बाहेर आली. तिनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली त्या तेल लावलेल्या, चकचकीत चाकाकडे. माझा हात बाजूला करून तिनं झाकण सरकवून जागेवर बसवलं, पर्स पायरीवर ठेवली आणि त्या झाकणावर ऐसपैस बसून साहेबांना म्हणाली, "हो ना हो, फारच गंजलाय." आणि चपला काढून दोन्ही पाय वाहत्या पाण्यात सोडले.